गच्चीवरील सोलर आणि जवळचा कारागीर

फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने पंतप्रधान सूर्यघर योजना सुरू केली व घरगुती ३ किलोवॅटच्या संचास ७८,००० रुपयांचे अनुदान ठरविले. तेव्हापासून बीदर-कलबुर्गीकडील आपल्या बांधवांकडे सोलरच्या दरपत्रकांची रीघ लागली आहे. परंतु धान्याचा व्यापारी नमुना हाती घेतल्यावाचून भाव बोलत नाही. तोच विवेक येथेही राखावा.

प्रथम, ठेकेदाराचे नाव योजनेच्या नोंदणीत आहे किंवा नाही, हे पाहावे. नसल्यास अनुदान मिळत नाही. दुसरे, पॅनेल व त्यातील सेल भारतीय बनावटीचे असल्याचे लिहून घ्यावे. तिसरे, अर्थिंग, तडितरक्षक व लोखंडी सांगाडा दरात धरला आहे काय, हे विचारावे. वळवाच्या दिवसांत आपल्याकडे विजा कोसळतात. येथील काटकसर घातक होय.

तथापि खरी कसोटी संच बसल्यानंतरची. तुरीच्या डाळ मिलजवळ पॅनेलवर धूळ साचते व वीज घटते. इन्व्हर्टर बंद पडला तर बिल पुन्हा चढते. योजनेप्रमाणे ५ वर्षांची देखभाल ठेकेदाराकडेच असते. पण दूरच्या शहरातील माणूस हाकेसरशी येईलच असे नाही. म्हणून त्याने पूर्वी संच बसविलेल्या दोन-तीन घरी जावे आणि तक्रार केल्यावर माणूस कितव्या दिवशी आला, एवढे विचारावे. जेस्कॉमचे नेट मीटर बसून चालू होईतो संपूर्ण रक्कम चुकती करू नये.

खरेदीत चार पैसे वाचले, पण पुढे दारी कोणी फिरकले नाही, तर तो सौदा तोट्याचाच समजावा.