श्रावणातला रंग

कोल्हापुरात 'पेंटर' हा शब्द नुसता धंदा सांगत नाही. आनंदराव आणि बाबूराव मेस्त्री यांनी नाटकांचे पडदे असे रंगवले, की लोकांनी त्यांचे आडनावच पेंटर करून टाकले. पण पडदा छपराखाली कोरडा राहतो. घराची भिंत चार महिने पाणी पिते.

हे पाणी पिणे बेळगावच्या पश्चिमेस, मळेकरणी देवीच्या उचगावासारख्या गावी पाहावे. सह्याद्री जवळ, पाऊस मुबलक आणि जुन्या घरांच्या भिंती मातीच्या. त्यात आपली रीत अशी, की रंग द्यायचा तो गणपतीच्या आधी. म्हणजे ऐन श्रावणात, भिंत ओलीने जड झालेली असताना! हौसेने भारी प्लास्टिक रंगाचा डबा आणावा, रंगाऱ्याने घाईने दोन हात मारावेत, गौरी-गणपतीत पाहुण्यांनी वाहवा करावी, आणि दिवाळीपर्यंत खालच्या दोन फुटांत पोपडे सुटावेत. मग शिव्या खातो तो डबा, नाहीतर रंगारी.

डब्याचा दोष पुष्कळदा नसतोच. रंगात छटा देणारी भुकटी असते, तिला धरून ठेवणारा चिकट द्रव असतो. हलक्या रंगात या दोहोंची काटकसर करून खडूची भर घालतात, म्हणून भिंतीला टेकले की सदरा पांढरा होतो. चांगल्या रंगाचे पैसे त्या चिकटपणाचे. पण मातीच्या ओल्या भिंतीवर हाच गुण अवगुण ठरतो. आतल्या ओलीला वाट उरत नाही. ती क्षार घेऊन रंगामागे साचते, लोणा फुटतो आणि रंगाला ढकलून देतो. अशा भिंतीला आपला चुनाच बरा. मात्र तो ताकासारखा पातळ हवा, भिंत आधी पाण्याने शिंपून घ्यावी, आणि तीन-चार हात द्यावेत. एकच जाड हात दिला, तर त्याचा भुगा होतो. अर्थात कौल गळत असेल, तर आधी कौल.

सिमेंटच्या भिंतीला भारी रंग खुशाल द्यावा; पण ती वाळल्यावर. प्लास्टिकच्या कागदाचा हातभर चौकोन चारी कडांनी भिंतीला चिकटवून एक दिवस ठेवावा. आतून दव धरले, तर ब्रश खाली ठेवावा. नव्या गिलाव्याला पाणी मारणे संपल्यावर महिनाभर तरी थांबावे. पुढे खरवडणे, पॉलिश पेपरने घासणे, धूळ पुसणे, प्रायमर, लांबी भरणे आणि पुन्हा घासणे. तंबोरा जुळवताना श्रोते चुळबुळ करतात. इथे घरमालक करतो. चौरस फुटाच्या दराने काम घेतलेल्या रंगाऱ्याला घासण्यात गेलेल्या दिवसाचे काय मिळणार? त्याची मजुरी वेगळी ठरवावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

दारे-खिडक्यांची गोष्ट मात्र निव्वळ पैशांची नाही. जुन्या तैलरंगात शिसे असू शकते. पूर्वीचा सफेदा शिशाचा असे, आणि लोखंडाला पहिला हात शेंदराचा देत, तेही शिसेच. १ नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती रंगात दहा लाख भागांत ९० भागांहून अधिक शिसे असू नये, असा आपल्या देशात नियम आहे. पण तो नव्या डब्यांना. आजोबांच्या वेळच्या दारावरचे थर जिथल्या तिथे आहेत. ते कोरडे घासले, की ती धूळ रांगत्या मुलाच्या हातावरून पोटात जाते, रंगाऱ्याच्या तर रोज छातीत. म्हणून ओले करूनच घासावे, पोरेबाळे आणि गरोदर बाई त्या दिवशी दुसरीकडे ठेवावी. तोंडाला बांधलेला रुमाल ही धूळ अडवीत नाही. रंगाऱ्याला धुळीचा चांगला मास्क घरमालकाने आणून द्यावा.

गणपतीची खोली तेवढी श्रावणात चुन्याने उजळावी आणि उरलेले घर शिमग्यानंतर काढावे. तेव्हा भिंती खडखडीत असतात, सकाळचा हात सायंकाळी कोरडा होतो. उरलेल्या रंगाचे झाकण घट्ट बसवून त्यावर छटेचा क्रमांक आणि तारीख लिहून ठेवावी. पुढच्या वर्षी कुठे खिळा ठोकला, तर ठिगळ दिसत नाही.