न उघडणाऱ्या पीपीटीच्या पोटात

व्हायवा अर्ध्या तासावर आलेली असते, प्रोजेक्टर सुरू झालेला असतो आणि पडद्यावर चौकट उमटते: फाईलमध्ये अडचण आढळली आहे, दुरुस्तीचा प्रयत्न करायचा का? ‘रिपेअर’वर क्लिक केल्यावर कधी स्लाइड परत येतात, कधी नुसती कोरी पानं येतात, तर कधी तीच चौकट पुन्हा हजर. ‘फाईल करप्ट झाली’ म्हणत बहुतेक जण कपाळाला हात लावतात आणि सगळं काम पहिल्यापासून करायला बसतात. पुष्कळदा ही घाई असते. दार अडकलेलं असतं, आतलं सामान शाबूत असतं.

पॉवरपॉइंट जन्माला आलं 1987 साली, मॅकिन्टॉश संगणकासाठी. रॉबर्ट गॅस्किन्स आणि डेनिस ऑस्टिन यांनी फोरथॉट नावाच्या छोट्या कंपनीत ते घडवलं आणि त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने ती कंपनी 1 कोटी 40 लाख डॉलरला विकत घेतली. पुढची जवळपास वीस वर्षं पीपीटीची फाईल म्हणजे आकड्यांची एक बंद भिंत होती. ऑफिस 2007 बरोबर ‘पीपीटीएक्स’ आलं आणि रचनाच बदलली. आज जी एक फाईल म्हणून दिसते ती खरं तर झिप केलेलं फोल्डर असतं. झिपचा हा प्रकार फिल कॅट्झ यांनी 1989 मध्ये आणला. त्यांच्या नावाची आद्याक्षरं, रोमन लिपीतली ‘पी’ आणि ‘के’, आजही अशा प्रत्येक फाईलच्या अगदी सुरुवातीला असतात. न उघडणारी पीपीटी नोटपॅडमध्ये टाकली आणि पहिली दोन अक्षरं हीच दिसली, तर आशा धरायला हरकत नाही.

या फोल्डरच्या आत प्रत्येक स्लाइडची वेगळी छोटी फाईल असते आणि फोटो, व्हिडिओ ‘मीडिया’ नावाच्या कप्प्यात पडलेले असतात. कुठे काय ठेवलं आहे याची यादी मात्र सगळ्यात शेवटी लिहिलेली असते. गोम इथेच आहे. कॉपी पूर्ण होण्याआधी पेन ड्राइव्ह उपटला, डाउनलोड मध्येच तुटलं, की शेपूट गळून पडतं आणि शेपटातच यादी असते. चाळीस स्लाइड जागच्या जागी असल्या तरी यादीवाचून पॉवरपॉइंटला त्यांचा पत्ता लागत नाही.

दुरुस्तीला हात घालण्याआधी बिघडलेल्या फाईलची एक प्रत करून मूळ फाईल बाजूला ठेवायची. पेन ड्राइव्हवरची फाईल संगणकावर उतरवून मगच उघडायची. बरेचदा प्रश्न पेन ड्राइव्हचाच निघतो. मेलमधून आलेली फाईल असेल, तर राइट क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘अनब्लॉक’चा चौकोन दिसतो का ते पाहावं. तो दिसला तर फाईल बिघडलेलीच नसण्याची शक्यता असते, विंडोजने फक्त तिला संशयित ठरवलेलं असतं.

त्यानंतरची युक्ती सोपी असूनही कमी लोकांना ठाऊक असते. एक कोरं प्रेझेंटेशन उघडायचं आणि आपल्या पॉवरपॉइंटमध्ये तो पर्याय असेल तर ‘न्यू स्लाइड’खालच्या ‘रियूज स्लाइड्स’मधून बिघडलेल्या फाईलकडे बोट दाखवायचं. सगळी फाईल उघडायला नकार देणारं पॉवरपॉइंट अशा वेळी एकेक स्लाइड द्यायला तयार होऊ शकतं. नाहीच झालं, तर लिबर ऑफिसचं इम्प्रेस हे मोफत सॉफ्टवेअर किंवा गूगल स्लाइड्स वापरून बघावं. फाईल वाचण्याची त्यांची पद्धत वेगळी आहे, त्यामुळे एकाला न पचणारी चूक दुसरा गिळून पुढे जातो. फॉन्ट आणि ॲनिमेशनची वाट लागते, मजकूर हाती येतो.

एवढ्यानेही भागलं नाही तर फाईलचं पोटच उघडायचं. प्रतीच्या नावातलं ‘पीपीटीएक्स’ काढून तिथे ‘झिप’ लिहिलं की ती साध्या फोल्डरसारखी उघडता येते. यादी हरवली असेल तर विंडोज नकार देईल. सेव्हन-झिपसारखी सॉफ्टवेअर मात्र यादी नसतानाही एकेक वस्तू हुडकून काढू शकतात. ‘मीडिया’मधले फोटो जसेच्या तसे मिळाले, तर प्रबंधातले आलेख आणि क्षेत्रभेटीची छायाचित्रं वाचली असं समजायचं. ‘स्लाइड्स’ कप्प्यातल्या फाईली ब्राउझरमध्ये उघडल्या की कोनदार कंसांच्या जंगलातून आपली वाक्यं डोकावू लागतात. देखणं काही नाही, पण कॉपी करता येतं. फाईलला पासवर्ड लावलेला असेल तर ही वाट बंद होते, कारण तेव्हा सगळा मजकूर कुलूपबंद करून वेगळ्याच साच्यात ठेवलेला असतो. जुन्या ‘पीपीटी’ फाईलींनाही ती लागू नाही.

फाईल दुरुस्त करून देणाऱ्या वेबसाइटही मुबलक आहेत. गणेशोत्सव मंडळाचा जमाखर्च तिथे चढवला तर फारसं बिघडत नाही. रुग्णांची माहिती किंवा कंपनीचे टेंडरचे आकडे अनोळखी सर्व्हरवर टाकणं हा शुद्ध वेडेपणा आहे.

काही फाईली मात्र खरोखरच संपलेल्या असतात. सेव्ह होत असतानाच लाइट गेली, तर कधी कधी फाईलचा आकार बरोबर दिसतो आणि आत नुसती शून्यं भरलेली असतात. त्यातून कुठलंही सॉफ्टवेअर काही काढू शकत नाही, जाहिरातीत काहीही लिहिलेलं असो. तिथे दुरुस्ती सोडून दुसरी प्रत शोधायची. पॉवरपॉइंट मूळ सेटिंगमध्ये दर 10 मिनिटांनी स्वतःपुरती नोंद ठेवतं. ‘फाईल’, मग ‘इन्फो’ आणि त्यातलं ‘मॅनेज प्रेझेंटेशन’ इथून न सेव्ह झालेल्या प्रती शोधता येतात. वनड्राइव्ह आणि गूगल ड्राइव्ह जुन्या आवृत्त्या जपतात. गूगल ड्राइव्हवर अपलोड केलेल्या फाईलीच्या आवृत्त्या साधारण 30 दिवस टिकतात. शेवटी मेलचा ‘सेंट’ कप्पा आणि व्हॉट्सॲपचा ग्रुप धुंडाळायचा. गेल्या आठवड्यात गाइडला पाठवलेला मसुदा तिथे पडलेला असतो. त्यात शेवटच्या दोन-चार स्लाइड नसतील, तेवढ्या नव्याने कराव्या लागतात.