पक्कं बिल करण्याआधी

गडहिंग्लजला लोखंडी कपाटं बनवणारं एक छोटं वर्कशॉप आहे असं धरू. वर्षाची उलाढाल 18 लाख. मालकाने ऐकलेलं असतं की 40 लाखांपर्यंत जीएसटी नंबर लागत नाही. ते खरंही आहे. महाराष्ट्रात निव्वळ माल विकणाऱ्याला 40 लाखांची आणि सेवा देणाऱ्याला 20 लाखांची मर्यादा आहे. पण एक दिवस निपाणीहून फोन येतो, ‘कपाट पाठवून द्या.’ टेम्पो हद्द ओलांडून कर्नाटकात गेला की 40 लाखांचा मुद्दाच उरत नाही. परराज्यात माल पाठवायचा तर उलाढाल कितीही असो, आधी नोंदणी हवी. हस्तकलेच्या काही वस्तूंना यात सूट आहे, साध्या लोखंडी कपाटाला नाही. सीमाभागातले धंदेवाले नेमके इथेच अडकतात.

मर्यादा मोजताना आणखी एक चूक होते. एकाच पॅनवरचे सगळे धंदे एकत्र धरले जातात. वर्कशॉप आणि किराणा दुकान एकाच पॅनवर असेल तर दोन्हींची बेरीज होते आणि करमाफ मालाची विक्रीही तीत येते. मर्यादा ओलांडल्यापासून 30 दिवसांत अर्ज करावा लागतो.

अर्ज जीएसटीच्या पोर्टलवर करायचा. सरकारी फी एक रुपयाही नाही. पॅन, आधार, फोटो आणि जागेचा पुरावा एवढं हाताशी ठेवा. अर्ज अडतो तो बहुतेकदा जागेच्या पुराव्यावर. वीजबिल अजून आजोबांच्या नावावर असतं, किंवा बिलावरचा पत्ता एक आणि अर्जातला दुसरा असतो. जागा दुसऱ्याच्या नावावर असेल तर त्याचं संमतीपत्र जोडा. भाड्याची असेल तर भाडेकरार जोडा. अधिकाऱ्याने शंका विचारली तर 7 कामाच्या दिवसांत उत्तर द्यावं लागतं, नाहीतर अर्ज फेटाळला जाऊ शकतो. म्हणून अर्ज केल्यावर मोबाइल आणि ईमेल रोज बघत जा.

मंजुरीनंतर 15 अक्षरांचा नंबर मिळतो. पहिले दोन आकडे राज्याचे असतात, महाराष्ट्राचे 27, कर्नाटकाचे 29, गोव्याचे 30. पुढची 10 अक्षरं म्हणजे तुमचा पॅन. प्रमाणपत्र दुकानात दर्शनी लावायचं आणि नंबर पाटीवर लिहायचा. नंबर मिळाल्याशिवाय बिलात कर लावून गिऱ्हाइकाकडून घेणं बेकायदा आहे.

आता बिल. कपाटाची किंमत 15,000 रुपये आणि कर 18 टक्के, म्हणजे 2,700. गिऱ्हाईक कोल्हापूरचं असेल तर 1,350 सीजीएसटी आणि 1,350 एसजीएसटी असे दोन भाग दाखवायचे. निपाणीचं असेल तर सगळे 2,700 आयजीएसटीत जातात आणि बिलावर पुरवठ्याचं ठिकाण म्हणून कर्नाटक लिहावं लागतं. दोन्हीकडे एकूण 17,700 च. निपाणीला अशी 3 कपाटं एका बिलावर निघाली तर रक्कम 53,100 होते आणि ई-वे बिल लागतं, कारण परराज्यासाठी त्याची मर्यादा 50,000 आहे.

भाव ‘सगळं धरून 15,000’ असा ठरला असेल तर 15,000 चे 18 टक्के काढून वजा करू नका. 15,000 ला 118 ने भागून 100 ने गुणा. मूळ किंमत 12,711.86 येते, कर 2,288.14. ही चूक मी फार वेळा पाहिली आहे आणि दर वेळी पैसे धंदेवाल्याच्याच खिशातून गेले आहेत.

बिलाचे नंबर ओळीने चालले पाहिजेत, 16 अक्षरांपेक्षा मोठे नकोत आणि एका आर्थिक वर्षात एकच नंबर दोनदा येता कामा नये. बिल चुकलं तर फाडून टाकू नका, ‘रद्द’ लिहून जपून ठेवा. तारीख, मालाचं वर्णन, नग, एचएसएन कोड आणि सही हेही हवं. मालाच्या बिलाच्या तीन प्रती करायच्या: गिऱ्हाइकाला, वाहतूकदाराला आणि आपल्याला.

समोरची पार्टी नोंदणीकृत असेल तर तिचा नंबर अक्षर न् अक्षर बरोबर हवा. पत्र्याच्या खरेदीवर तुम्ही 1,620 रुपये कर दिलेला असेल, तर 2,700 मधून तो वजा होऊन तुम्हाला 1,080 च भरावे लागतात. हाच हक्क तुमच्या गिऱ्हाइकालाही आहे. तुम्ही त्याचा नंबर चुकवला किंवा तुमचं जीएसटीआर-1 रिटर्न भरलंच नाही, तर तुमचं बिल त्याच्या खात्यात दिसत नाही आणि त्याचं क्रेडिट अडतं. अशी पार्टी पुन्हा ऑर्डर देत नाही.

कंपोझिशन योजनेत कारखानदार आणि व्यापाऱ्याला उलाढालीवर 1 टक्का कर आहे आणि कागदपत्रंही कमी लागतात. पण त्यात गिऱ्हाइकाकडून कर घेता येत नाही, क्रेडिट मिळत नाही आणि परराज्यात माल विकता येत नाही. निपाणीला कपाट पाठवायचं असेल तर ही योजना तुमच्या कामाची नाही.

विक्री शून्य असली तरी रिटर्न भरावंच लागतं. शून्य रिटर्नला उशीर झाला तर दिवसाला 20 रुपये विलंब शुल्क चढत जातं.

कुठल्याही पार्टीचा नंबर खरा आणि चालू आहे की नाही, हे पोर्टलवर फुकट पाहता येतं. पहिलं बिल करण्याआधी तो तिथे टाकून नाव जुळतं का ते बघा.