खिशातलं परीक्षा केंद्र

दहा मार्कांची क्विझ मोबाईलवर म्हटली की वर्ग खूश असतो. उत्तर दाबलं, मार्क समोर. पण तोच मोबाईल सत्रपरीक्षेला वापरायचा म्हटलं की तीच पोरं कुरकुरतात. शिक्षकांना हा दुटप्पीपणा वाटतो. मला तो हिशेबीपणा वाटतो.

नवं तंत्र माणूस कधी स्वीकारतो, याचा एक ढाचा फ्रेड डेव्हिस या अमेरिकन संशोधकानं १९८९ मध्ये मांडला. ते उपयोगी वाटलं पाहिजे आणि वापरायला सोपं वाटलं पाहिजे. मोबाईल दोन्हींत पास होतो. मग अडतं कुठं?

कोरोनाच्या वर्षात ते उघड झालं. अंतिम वर्षाच्या परीक्षा घ्याव्याच लागतील, असं सर्वोच्च न्यायालयानं २८ ऑगस्ट २०२० रोजी स्पष्ट केलं आणि शिवाजी विद्यापीठाच्या अनेक विद्यार्थ्यांनी त्या घरूनच, बहुपर्यायी प्रश्नांच्या रूपात दिल्या. पण यंत्रमागांचं गाव असलेल्या इचलकरंजीत घरून म्हणजे काय? विठ्ठलराव दातारांनी १९०४ मध्ये इथं पहिला यंत्रमाग चालवला. आज कित्येक घरांच्या भिंतीपलीकडं माग सुरू असतात. त्या खडखडाटात प्रश्न वाचायचा, तेवढ्यात नेमका मामाचा कॉल येतो, पडद्यावरचा पेपर नाहीसा होतो आणि 'दुसरं ॲप उघडलं' म्हणून इशारा झळकतो. लाईट गेली तर वायफायही गेलं. इंजिनिअरिंगवाल्याचं दुखणं आणखी वेगळं: कागदावर गणित शेवटच्या पायरीला चुकलं तरी स्टेपचे मार्क मिळतात, पर्यायावर बोट चुकलं की सगळेच गेले.

पडद्याचीच भीती असती, तर एमएचटी-सीईटी या प्रवेश परीक्षेलाही विरोध झाला असता. ती २०१९ पासून संगणकावर होते. पण तिथं मशीन केंद्राचं, वीज केंद्राची. बंद पडलं तर धावपळ पर्यवेक्षकानं करायची. घरच्या मोबाईलवर विद्यार्थीच केंद्र, तोच तंत्रज्ञ, आणि कॉपीचा संशयितही तोच! शिवाय फोन बऱ्याचदा घरात एकच, तोही धाकट्या बहिणीच्या तासाला लागणारा.

म्हणून सराव चाचण्या मोबाईलवर खुशाल घ्याव्यात. मोठी परीक्षा घ्यायचीच, तर आधी त्याच ॲपवर एक रंगीत तालीम हवी, ज्याला घरी जमत नाही त्याला कॉलेजची लॅब उघडी हवी, आणि लाईट गेली तर किती मिनिटं वाढवून मिळणार, हे हॉल तिकिटावरच छापलेलं हवं.