पू नको, कण हवा

मदुरा फूटचं निदान पुवातल्या कणावर ठरतं. शेतात अनवाणी काम करताना पायात काटा मोडतो, जखम भरते, माणूस विसरून जातो. काही महिन्यांनी तिथं न दुखणारी गाठ येते. मग एकामागून एक तोंडं पडतात आणि पुवाबरोबर रव्यासारखे बारीक कण बाहेर पडू लागतात. "दुखत नाही ना, मग दाखवायचं काय?" असं म्हणत रोगी वर्षानुवर्षं कामावर जात राहतो. तोवर संसर्ग हाडापर्यंत पोचलेला असू शकतो.

वरवरच्या स्वॅबचा प्रयोगशाळेत आम्हाला फारसा उपयोग नसतो; त्यावर त्वचेवरचे नेहमीचेच जंतू वाढतात. म्हणून तोंडांवर रात्रभर निर्जंतुक गॉज बांधायला सांगतो. सकाळी त्याला कण चिकटलेले मिळतात. नाहीच मिळाले, तर खोलवरची बायोप्सी. काळा कण म्हणजे बुरशी. पांढरा किंवा पिवळसर असेल, तर बुरशी की जिवाणू, हे नुसत्या डोळ्यांनी ठरत नाही.

असा कण सलाइनमध्ये धुऊन दोन स्लाइडमध्ये चिरडायचा. नोकार्डिया या जिवाणूचा कण मऊ असतो, दाबताच पसरतो. ग्रॅम स्टेनमध्ये एक मायक्रॉनहूनही बारीक, जांभळे, फांद्या फुटलेले धागे दिसले की तो जिवाणू. बुरशीचे तंतू याहून जाड, साधारण 2 ते 5 मायक्रॉनचे. मग झील-नील्सन स्टेन, पण 1 टक्का सल्फ्युरिक आम्ल वापरून. धागे लाल राहिले, तर नोकार्डियाची शक्यता बळावते. कल्चर मात्र काही आठवडे ठेवावं लागतं. 48 तासांत 'वाढ नाही' म्हणून प्लेट टाकली, तर निदानच हुकतं.

मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवलेले आणि पुढं साताऱ्यात सिव्हिल सर्जन असलेले हेन्री व्हॅन्डाइक कार्टर यांनी 1874 साली या रोगावर पुस्तक लिहिलं. त्या काळी बळावलेल्या रोगात पाय कापण्यावाचून फारसा इलाज नव्हता. आज कण जिवाणूचा निघाला, तर को-ट्रायमॉक्साझोल आणि गरजेनुसार ॲमिकासिन, असे महिनोन्महिने उपचार करून बहुतेकांचा पाय वाचवता येतो. बुरशी निघाली तर औषधं वेगळी, आणि बऱ्याचदा शस्त्रक्रियाही लागते.

म्हणून पाय कापण्याचा विचार करण्याआधी कण पाठवा. फॉर्मवर नुसतं 'पायाची जखम' लिहू नका. काम कसलं, काटा कधी मोडला, कण पडतात का आणि कोणत्या रंगाचे, कोणती अँटिबायोटिक्स चालू आहेत, हेही लिहा. या चार ओळी वाचल्या की कोणता स्टेन करायचा आणि प्लेट किती दिवस राखायची, हे आम्हाला पहिल्याच दिवशी ठरवता येतं.