मोबाईल पाहा, पण माग सोडू नका



गेल्या वर्षी सोयाबीनची मळणी आटोपल्यावर एक शेतकरी आमच्या कार्यालयात आले. हातात मोबाईल, चेहरा उतरलेला. पीककर्जाचं नवं-जुनं रखडलं होतं आणि हरभऱ्याचं बियाणं तर घ्यायचं होतं. रात्री अंथरुणात पडल्या पडल्या त्यांनी मोबाईलवर कर्जाचे दोन-तीन व्हिडिओ पाहिले. दुसऱ्या दिवसापासून मोबाईल उघडला की ‘दहा मिनिटांत कर्ज, कागदपत्रं नकोत’ अशा जाहिराती दिसू लागल्या. त्यातलं एक ॲप त्यांनी घेतलं. ॲपने फोनमधले सगळे नंबर पाहण्याची परवानगी मागितली, ती त्यांनी देऊन टाकली. मागितले पाच हजार, हातात पडले तीन हजार दोनशे. आठव्या दिवसापासून वसुलीचे फोन सुरू झाले. मेहुण्याला, सोसायटीच्या सचिवाला, अगदी लेकीच्या सासरीसुद्धा.

ते म्हणाले, “साहेब, पैशाची नड आहे हे मी कारभारणीलाही सांगितलं नव्हतं. मग ह्यांना कसं कळलं?”

हा प्रश्न आपल्या सगळ्यांचाच आहे, म्हणून आज पिकाऐवजी मोबाईलवर लिहितो आहे.

फुकट काहीच नसतं

फेसबुक, यूट्यूब, इन्स्टाग्राम यांना आपण एक पैसा देत नाही. मग त्यांचं चालतं कशावर? फेसबुक ज्या मेटा कंपनीचं आहे, तिचं २०२३ सालचं उत्पन्न सुमारे १३५ अब्ज डॉलर होतं. त्यातले ९७ टक्क्यांहून अधिक जाहिरातींतून आले. जाहिरातदाराला हवं असतं नेमकं गिऱ्हाईक. म्हणून आपण काय शोधलं, कोणत्या व्हिडिओवर किती वेळ थांबलो, कोणत्या भागातून पाहिलं, याची नोंद ठेवली जाते. त्यावरून ‘हा माणूस कर्जाच्या शोधात दिसतो’ असा अंदाज बांधतात आणि त्या माणसापुढे जाहिरात मांडायची जागा विकतात.

ही नोंद फक्त त्याच ॲपपुरती राहत नाही. दुसरी वेबसाईट उघडली की ती आपल्या फोनमध्ये एक छोटी चिठ्ठी ठेवते, तिला कुकी म्हणतात. फेसबुक-गूगलचे असे तुकडे हजारो वेबसाईटवर बसवलेले असतात. शिवाय प्रत्येक अँड्रॉइड फोनला जाहिरातींसाठी एक वेगळा क्रमांक असतो. जनावराच्या कानातल्या बिल्ल्यासारखा. कुठल्याही ॲपमध्ये गेलात तरी बिल्ला तोच.

हे सगळं किती दूर जाऊ शकतं ते २०१८ साली जगाने पाहिलं. केंब्रिज ॲनालिटिका या कंपनीच्या हाती फेसबुकवरच्या ८ कोटी ७० लाखांपर्यंत लोकांची माहिती गेली असावी, असं फेसबुकनेच सांगितलं. त्यात भारतातले सुमारे ५ लाख ६२ हजार होते.

मग करायचं काय?

मोबाईल फेकून द्या असं मी म्हणणार नाही. हवामान, बाजारभाव, फवारणीचा सल्ला यासाठी तो कामाचा आहे. फक्त एवढं करून घ्या. जमत नसेल तर घरातल्या शिकत्या पोराला जवळ बसवा.

१. सेटिंगमध्ये गूगल, त्यात ॲड्स उघडा आणि ‘डिलीट ॲडव्हर्टायझिंग आयडी’ दाबा. कानातला बिल्ला निघाला. (काही फोनमध्ये हे प्रायव्हसीच्या खाली असतं.)

२. सेटिंगमध्ये प्रत्येक ॲपची परवानगी तपासा. व्हिडिओ पाहायच्या ॲपला तुमचं लोकेशन आणि नंबर कशाला हवेत? बंद करा.

३. यूट्यूबची ‘वॉच हिस्टरी’ थांबवा आणि जुनी पुसून टाका. मग ते समोर काहीबाही वाढत नाही. जे हवं ते आपण शोधायचं. व्हिडिओ पाहायला खातं उघडून आत जायचीही गरज नसते.

४. फेसबुकचं ॲप काढून ते ब्राउझरमध्ये उघडा. ब्रेव्ह हा ब्राउझर जाहिराती आणि माग काढणारे तुकडे आपणहून अडवतो. फायरफॉक्समध्ये यूब्लॉक ओरिजिन जोडलं की तेच काम होतं. बँकेचं काम वेगळ्या ब्राउझरमध्ये करा.

५. फेसबुकच्या अकाउंट्स सेंटरमध्ये ‘युवर ॲक्टिव्हिटी ऑफ मेटा टेक्नॉलॉजीज’ शोधा. इतर ॲप आणि वेबसाईटनी तुमच्याबद्दल काय कळवलं ते तिथे दिसतं. ते खात्यापासून तोडता येतं.

एक खरं सांगतो. एवढं करूनही आपण अदृश्य होत नाही. ‘इन्कॉग्निटो’ लावलं तर नोंद आपल्या फोनमध्ये राहत नाही इतकंच. कोणत्या वेबसाईटवर गेलात हे सिमकार्डवाल्या कंपनीला कळू शकतं, आणि फेसबुकवर जे आवडलं म्हणून दाबलं ते फेसबुकला कळणारच. कुंपण घातलं म्हणून रानडुक्कर कधीच येत नाही असं थोडंच आहे? पण नुकसान कमी होतं.

गावकारभाऱ्यांनो, तुम्हीही ऐका

ग्रामसेवक, तलाठी, सरपंच मंडळी गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लाभार्थ्यांच्या याद्या टाकतात. त्यात आधार क्रमांक, बँक खातं, मोबाईल नंबर, सगळं उघडं. हेतू चांगला असतो, पण यादी एकदा ग्रुपवर गेली की कुठे फिरेल सांगता येत नाही. तिथे मागावर राहायला कंपनीही लागत नाही, भामट्याला सगळं आयतं मिळतं. यादीत नाव आणि गाव पुरे. आधार दाखवायचंच असेल तर फक्त शेवटचे चार अंक दिसणारं मास्क्ड आधार आहे. खाजगीपण हा मूलभूत हक्क आहे असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली सांगितलं आणि वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली झाला. ग्रामपंचायतीने त्याची चाड ठेवायलाच हवी.

त्या शेतकऱ्याला आम्ही सायबर फसवणुकीच्या १९३० या क्रमांकावर तक्रार करायला लावली, ॲप काढून टाकलं आणि नातेवाइकांना खरं काय ते सांगायला सांगितलं. कर्जाच्या ॲपने फोनमधले नंबर, फोटो, कॉलची नोंद यांना हात लावायचा नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम २०२२ पासून आहे. हे आधी ठाऊक असतं, तर परवानगी मागितली तेव्हाच त्यांनी ओळखलं असतं.

त्यांच्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं, पण मोबाईलला विचारलं होतं. तेव्हा आज रात्री जेवणं झाली की पाच मिनिटं काढा आणि निदान पहिली दोन कामं करून टाका. अडलं तर गावभेटीच्या दिवशी मोबाईल घेऊन या. पिकावरची कीड दाखवता तसाच तोही दाखवा, बघू आपण.