कुट्टनाडची जलयात्रा : पाण्याचा जमाखर्च

आलप्पुळा (जुने नाव अलेप्पी) हे शहर व्यापाराच्या बळावर वाढले. अठराव्या शतकात त्रावणकोरचे दिवाण राजा केशवदास यांनी येथील बंदराला ऊर्जितावस्था आणली. गुजराती व कच्छी व्यापारी येथे येऊन स्थिरावले. मिरे, सुंठ, काथ्या व भात यांची ने-आण कालव्यांतून होड्यांनी होत असे. त्या जलमार्गांची सफर आज एका दिवसात घडते.

सकाळी धक्क्यावरून निघालेली लहान होडी पुन्नमडा सरोवर ओलांडून कुट्टनाडच्या अरुंद कालव्यांत शिरते. माहितगार नावाडी प्रथम दाखवतो ते नवल असे की, कालव्याचे पाणी उंचावर आणि भाताची शेते खाली! हा प्रदेश समुद्रसपाटीहूनही एक-दोन मीटर खाली आहे. सरोवरात मातीचे बांध घालून, आतील पाणी उपसून पिढ्यान्‌पिढ्यांनी ही जमीन मिळवली. चित्तिरा, मार्तंडम व राणी ही विस्तीर्ण शेते गेल्या शतकाच्या चाळिशीत अशीच निर्माण झाली. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१३ मध्ये या शेतीपद्धतीला जागतिक कृषी वारशाचा मान दिला.

वाटेत ‘केट्टुवळ्ळम’ दिसतात. ‘केट्टु’ म्हणजे बांधलेली, ‘वळ्ळम’ म्हणजे नाव. खिळा न वापरता फळ्या काथ्याच्या दोरीने शिवलेल्या या नावा पूर्वी भात वाहत. रस्ते झाले, मालमोटारी आल्या आणि नावांचे काम सुटले. पुढे पर्यटनाने त्यांना तरंगत्या घरांचे रूप दिले.

मात्र या यात्रेतील खरा बोध वेंबनाड सरोवरावरील तण्णीरमुक्कमच्या बंधाऱ्यात आहे. उन्हाळ्यात समुद्राचे खारे पाणी आत शिरून पीक नासत असे. म्हणून १९७०च्या दशकात बंधारा घालण्यात आला. कोरड्या महिन्यांत त्याची दारे बंद ठेवतात. खारे पाणी थांबले, भाताचे पीक सुरक्षित झाले. जमेची बाजू निर्विवाद आहे. पण भरती-ओहोटीने होणारी सरोवराची धुलाईही थांबली. खते, कीटकनाशके व सांडपाणी साचू लागले, जलपर्णी फोफावली. ज्या जलचरांची पिल्ले खाऱ्या पाण्यावाचून वाढत नाहीत, त्यांची वाट अडली आणि त्यांच्यावर पोट असलेल्या मच्छीमारांचीही. दारे कधी उघडावीत, यावर शेतकरी व मच्छीमार यांचे मतभेद आजही आहेत. एकाच्या खात्यातील जमा दुसऱ्याच्या खात्यात नावे पडते, हे व्यापारी कुटुंबांना वेगळे समजावण्याची गरज नाही.

पर्यटकाचाही या खात्याशी संबंध येतो. शेकडो मोठ्या नौकांचे तेल व सांडपाणी याच पाण्यावर भार टाकते. त्यामुळे लहान होडीने, किंवा राज्य जलवाहतूक खात्याच्या प्रवासी बोटीने दिवसाची फेरी करणे अधिक शहाणपणाचे. ती स्वस्त पडते आणि अरुंद कालव्यांत, गावकऱ्यांच्या अंगणापर्यंत पोहोचवते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सुखकर असतो. पाण्याच्या रिकाम्या बाटल्या व वेष्टने परत आणावीत. शाकाहारी भोजनाची सूचना आदल्या दिवशीच द्यावी. फेरी सूर्यास्तापूर्वी संपत असल्याने चौविहार पाळणाऱ्यांचीही अडचण होत नाही.

हे सरोवर हजारो कुटुंबांचे भांडवल आहे. पाहुण्याने ते पाहावे, त्यावर आपला बोजा मात्र ठेवून येऊ नये.